बेबी कॅरियर घेताय? आधी टेप घ्या, मग मोबाईल

बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की घरात बेबी कॅरियरचा, म्हणजे बाळ अंगाला बांधून घ्यायच्या कापडाचा किंवा पट्ट्यांचा, विषय निघतोच. खाली ठेवलं की रडतं, उचललं की गप्प, आणि आपले दोन्ही हात अडकलेले, साधा चहा टाकायचा तरी कुणाला तरी हाक मारायची. मग आपण मोबाईल काढतो आणि शोधायला लागतो, तर तिथे आठशे रुपयांपासून वीस हजारांपर्यंत सगळं हजर, सगळ्यांना साडेचार स्टार, सगळ्या फोटोंत बाळ हसतंय आणि आईचे केस नुकतेच सेट केलेले. वर्णनात काय तर "एक्स्ट्रा सॉफ्ट पॅडिंग", "६ इन १", "प्रीमियम". यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. कॅरियरचा आराम पॅडिंगमधे नसतो, मापात असतो. कापड बाळाच्या मापाचं आणि पट्टे तुमच्या मापाचे बसले तर साधं सुती कापडसुद्धा तासभर जाणवत नाही, आणि नाही बसले तर पट्टा कितीही गुबगुबीत असू दे, वीस मिनिटांत मानेखाली कळ येणारच.

त्याआधी एक. "सारखं उचलून घेतलं की सवय लागते, मग खाली राहत नाही" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा, कारण कॅरियर घरात आलं की हे वाक्य येतंच. १९८६ मधे मॉन्ट्रियलला हुन्झिकर आणि बार या दोघांनी एक अभ्यास केला होता, त्यात काही आयांना सांगितलं की बाळ रडो न रडो, रोज निदान ३ तास त्याला उचलून घ्या, तर ६ आठवड्यांची असताना ती बाळं बाकीच्या बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. आता हा आकडा सासूबाईंना सांगून काही फरक पडेलच असं नाही, पण आपल्या मनाला तरी बरं वाटतं.

कोण घालणार आणि कुठे घालणार

कॅरियर बाळासाठी घेतो असं आपण म्हणतो पण ते घालणार कोण हे आधी ठरवा. आई पाच फूट आणि बाबा पावणेसहा फूट, असं बहुतेक घरांत असतं, आणि दोघं एकच कॅरियर वापरणार असतील तर पट्टे किती सैल होतात यापेक्षा किती *आवळता* येतात ते बघायचं. बरीच परदेशी कॅरियर उंच, रुंद खांद्याच्या माणसांच्या हिशोबाने बनवलेली असतात, आपल्याकडच्या बारीक बाईने घातली की खांद्याचा पट्टा पूर्ण ओढूनसुद्धा बगलेत फुगवटा राहतो आणि कमरेचा पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी खाली सरकत राहतो. म्हणून विकत घेताना कमरेच्या पट्ट्याचं कमीतकमी माप विचारा, जास्तीत जास्त नाही. ते माप तुमच्या कमरेपेक्षा (पोटाच्या वरच्या भागाला टेप लावून मोजा, पॅन्टची साईज सांगू नका) निदान दोन-तीन इंच कमी हवं.

मग कुठे वापरणार. घरातल्या घरात, पाच मिनिटं घे पाच मिनिटं ठेव असं असेल तर काढायला-घालायला सोपं हवं. लोकलने जायचं, जिने चढायचे, बाजारात तासभर फिरायचं असेल तर वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटलं जायला हवं. दोन्ही एकाच कॅरियरमधे सारखंच छान मिळेल असं समजू नका, थोडं इकडेतिकडे होणारच.

बाळ बसतं कसं, हे बघायला शिका

हे समजलं की अर्धी निवड आपोआप होते. बाळ आपल्या छातीशी असताना त्याचे गुडघे बुडापेक्षा वर हवेत, मांड्या खालून आधार मिळालेल्या, पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना दुमडलेले. पाठ किंचित गोल. समोरून बघितलं तर पायांचा इंग्रजी एम दिसतो. आपण बाळाला छातीशी धरून बुडाखाली हात देतो तेव्हा ते स्वतःच पाय असे वर ओढून घेतं, म्हणजे कॅरियरने नवीन काही शिकवायचं नसतं, तेच धरून ठेवायचं असतं.

यासाठी टेप. बाळाला असं दुमडलेल्या पायांनी धरा आणि एका गुडघ्यामागच्या खळगीपासून बुडाखालून दुसऱ्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत माप घ्या. कॅरियरच्या बसायच्या भागाची रुंदी साधारण तेवढी पाहिजे. कमी असली तर पाय सरळ खाली लोंबतात आणि सगळं वजन जांघेत येतं, जास्त असली तर गुडघे ताणून फाकतात आणि बाळ कुरकुरतं. म्हणूनच ज्याची रुंदी कमीजास्त करता येते ते बकल कॅरियर (क्लिक करून लावायच्या पट्ट्यांचं) वर्ष-दीड वर्ष चालतं. स्वस्तातली ६ इन १ वाली उघडून बघा, बऱ्याच वेळा बसायचा भाग अगदी चिंचोळा, दोन पायांच्या मधे एक पट्टी एवढंच. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेजिया इन्स्टिट्यूट म्हणून बाळांच्या खुब्याच्या दोषावर काम करणारी संस्था आहे, त्यांचंही म्हणणं हेच आहे की मांडीला गुडघ्यापर्यंत आधार असावा, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा खुबा अजून कच्चा असतो. बाळ पायाळू असेल, किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास जन्मापासून असेल तर डॉक्टरांना एकदा खुबे तपासायला सांगा, कॅरियर घ्या नाहीतर नका घेऊ.

आणि हो, "पाय फेंगडे होतील" हे पण ऐकायला मिळेल. बाळांचे पाय जन्मतः थोडे वाकलेलेच असतात आणि चालायला लागल्यावर, दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू सरळ होतात, कॅरियरचा त्यात काही संबंध नाही. उलट दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं हे खुब्याला जास्त वाईट आहे, आणि ते मात्र आपल्याकडे सगळे कौतुकाने करतात.

श्वास

यावर कुणी काहीही सांगितलं तरी तडजोड नाही. लहान बाळाची मान धरलेली नसते, हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दबते आणि बाळ आवाजसुद्धा करत नाही. २०१० मधे अमेरिकेत पिशवीसारख्या स्लिंगमधे बाळं दगावली, तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चार महिन्यांखालच्या बाळांबद्दल जाहीर इशारा दिला होता आणि इन्फँटिनो कंपनीला दहा लाखांवर स्लिंग परत घ्यावी लागली. ती स्लिंग म्हणजे खांद्यावर अडकवायची खोलगट पिशवी, बाळ त्यात आडवं, कमान होऊन, तोंड आपल्या अंगाकडे. असं काही ऑनलाईन दिसलं तर कितीही गोड दिसू दे, घेऊ नका.

ब्रिटनमधे यासाठी पाच गोष्टी सांगतात आणि त्या मला सगळ्यात व्यवहारी वाटतात. कापड घट्ट हवं, आपण बाळाला मिठी मारतो तेवढं. बाळाचा चेहरा मान खाली घातली की दिसला पाहिजे, पदर-ओढणी वर घ्यायची नाही. डोकं इतकं जवळ की आपण नुसती मान वाकवून पापी घेऊ शकतो. हनुवटी आणि छातीमधे आपलं एक बोट तरी मावलं पाहिजे. आणि पाठीला आधार, म्हणजे पाठीवर हात ठेवून हलकं दाबलं तर बाळ आणखी आत घुसत नाही. हे घातल्या-घातल्या तर बघायचंच, पण बाळ झोपलं की परत बघायचं, कारण झोपेत ते ढिलं पडून खाली घसरतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वजनावरून आणखी एक गोष्ट, आणि ही दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच कॅरियरवर कमीतकमी वजन ३.२ किंवा ३.५ किलो लिहिलेलं असतं. आपल्याकडे पावणेतीन किलोचं बाळ अगदी नॉर्मल. म्हणजे "न्यूबॉर्नपासून" असं खोक्यावर छापलेलं असलं तरी तुमचं बाळ त्यात मावायला महिना-दीड महिना जाऊ शकतो, तेव्हा डोहाळजेवणात कुणी काय देऊ विचारलं तर सांगा थांबा, बाळ येऊ दे. हॉस्पिटलमधे कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कापडाने बांधून ठेवतात ती कांगारू पद्धत वेगळी, बोगोटाला १९७८ मधे इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून सुरू झाली आणि आता सगळीकडे करतात, ती नर्सने दाखवल्याप्रमाणेच करायची, बाजारच्या कॅरियरमधे नाही.

आता प्रकार

स्ट्रेची रॅप म्हणजे टीशर्टच्या कापडासारखा लांबच लांब पट्टा, आधी स्वतःला गुंडाळायचा आणि मग बाळ आत सरकवायचं. पहिल्या तीन-चार महिन्यांना फार मऊ आणि छान, पण दोन अडचणी. एक तर बाळ सात-आठ किलोचं झालं की कापड ताणून खाली लोंबतं. दुसरं म्हणजे बाळावर कापडाचे तीन थर येतात, आणि बाळंतपण मार्च-एप्रिलमधे असेल, त्यात तुम्ही नागपूर-अकोल्याकडच्या असाल, तर मी तरी याला हात लावणार नाही. महाबळेश्वरला किंवा परदेशात थंडीत असाल तर खुशाल घ्या.

विणलेला रॅप म्हणजे न ताणणारं, साधारण साडेचार मीटरचं जाड सुती कापड. हा सगळ्यात गुणी प्रकार, कुठल्याही उंचीच्या माणसाला, कुठल्याही वजनाच्या बाळाला बसतो, कारण शिवण नाही, बकल नाही, प्रत्येक वेळी माप नवीन. पण बांधायला शिकायला वेळ लागतो आणि बाहेर रस्त्यात बांधायचा तर टोकं चिखलात. इथे साडीचा प्रश्न येतोच. सुती साडी चालेल का? नऊवारी लांबीला भरपूर आहे, उलट जास्तच आहे, पण बघायचं कापड. विरलेली जुनी साडी झोळीला आपण वापरतो, पण अंगावर बाळ बांधायला ती नको, धाग्यावर कधी फाटेल सांगता येत नाही. जॉर्जेट, सिल्क, सिंथेटिक घसरतं, गाठ सुटते. भरीव विणीची, न विरलेली हातमागाची सुती असेल, आणि बांधायचं नीट शिकला असाल तर विचार करा, नाहीतर नको.

रिंग स्लिंग माझी आवडती, लपवत नाही. आपल्याकडे बायका बाळ कडेवर घेतात, एक हात बाळाच्या पाठीमागून, कंबर थोडी बाहेर काढून, बस तेच कापडाने करायचं. दोन मीटरच्या आसपास कापड, एका टोकाला दोन कड्या, दुसरं टोक कड्यांतून ओवून ओढायचं. बाळावर एकच थर, उन्हाळ्यात यासारखं काही नाही, घडी केली की पर्समधे मावते, आणि सिझेरियन झालेलं असेल तर टाक्यांवर कमरेचा पट्टा येत नाही. छोट्या बाळाला समोर उभं, मान धरली आणि आधाराने बसायला लागलं की कडेवर. तोटा एकच पण मोठा, वजन एका खांद्यावर, त्यामुळे लांब चालायला नको आणि खांदा आलटूनपालटून वापरा. कापड खांद्यावर पसरून घ्या, दंडाच्या टोकापर्यंत, गळ्याजवळ गोळा झालं की मान दुखलीच. कड्या कॉलरबोनच्या खाली, छातीवर नाही. ओढताना सगळं कापड एकदम ओढू नका, वरची कड वेगळी, मधलं वेगळं, खालची वेगळी, जिथे सैल आहे तिथलंच ओढायचं. आणि कड्या बिनजोडाच्या अॅल्युमिनियमच्या किंवा खास स्लिंगसाठीच बनवलेल्या नायलॉनच्या हव्यात. पडद्याच्या रिंगा आणून टेलरकडून शिवून घ्यायची आयडिया सगळ्यांना सुचते, करू नका, सगळा भार त्या शिवणीवर आणि कडीवर असतो.

बकल कॅरियर तर सगळ्यांना माहितीच आहे, कमरेचा पट्टा, दोन खांद्याचे पट्टे, क्लिक. बाबालोकांना हेच आवडतं कारण शिकायचं काही नाही, आणि लोकलमधे एक हात वर कडीला धरायचा तर हेच बरं. मेह दाई हा चिनी प्रकार, बकलऐवजी लांब बंद बांधायचे, दोघांच्या मापात फार फरक असेल तर हा उत्तम तोडगा आहे पण आपल्या दुकानांत क्वचित दिसतो. ऑनबुहिमो जपानी, कमरेचा पट्टा नसतो, पाठुंगळीला घ्यायचं, पण बाळ स्वतःचं स्वतः बसायला लागल्यावरच. हिप सीट म्हणजे कमरेला पेटीसारखी बैठक, मोठ्या बाळाला घरात वर-खाली करायला ठीक, पण एक हात धरायला लागतोच त्यामुळे हात मोकळे होतात हे काही खरं नाही, आणि सगळं जड प्रकरण.

बाळाचं तोंड बाहेर करून बसवायचं का? पाच-सहा महिन्यांनंतर, मान पक्की झाली असेल तर थोडा वेळ, पंधरा-वीस मिनिटं. झोप आली की लगेच आत वळवायचं. फक्त या एका सोयीसाठी जास्त पैसे मात्र देऊ नका.

घालून बघायचं कसं

दुकानात जाता आलं तर बाळाला घेऊन जा, पोट भरलेलं आणि झोप झालेलं. भुकेलं बाळ कुठलंच कॅरियर पास करत नाही. ऑनलाईन घेतलंत तर टॅग न काढता घरात घालून बघा, पहिल्यांदा बाळाऐवजी तीन किलो तांदळाची पिशवी घ्या आणि आरशासमोर पलंगाजवळ उभ्या राहा.

कमरेचा पट्टा आधी, कमरेच्या हाडाच्या वर, आणि चांगला आवळून. बहुतेक जणी तो ओटीपोटावर खाली बांधतात, मग बाळ खाली जातं, मग पाठ मागे झुकते, आणि मग म्हणतात कॅरियर खराब आहे. बाळ घ्या, बुडाखाली हात घालून गुडघे वर करा, मग खांद्याचे पट्टे ओढा. पाठीवरची छोटी आडवी पट्टी खांद्याच्या फऱ्यांच्या मधे यायला हवी, मानेजवळ नाही. पट्टे पाठीवर फुली करून घालता येत असतील तर बारीक खांद्याच्या बायकांना तेच बरं पडतं, खांद्यावरून घसरत नाहीत. आता एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवून थोडं पुढे वाका. बाळ अंगापासून सुटून लोंबलं तर सैल आहे. कापडाची वरची कड छोट्या बाळाच्या मानेपर्यंत, कानाच्या वर नाही. उंचीने कमी असलेल्या बायकांना इथेच घोळ होतो, बाळाच्या पाठीवरचं कापड इतकं उंच की बाळाचा चेहराच झाकतो. तसं असेल तर परत करा, "मोठं होईल बाळ" म्हणून ठेवू नका.

मग घरात फिरा. जिना चढून बघा, खाली पडलेलं खेळणं गुडघ्यात वाकून उचला, कमरेत वाकायचं नाही. दहा मिनिटांनी कुठे टोचतंय ते लक्षात येईलच. मांडीच्या कडेला शिवण टोचते का तेही बघा, जाळीवाल्या कॅरियरमधे हवा छान खेळते पण कडेची पट्टी कधीकधी करकरीत असते. बाळ सुरुवातीला रडलं तर उभ्या उभ्या समजूत घालत बसू नका, चालायला लागा. जपानमधल्या २०२२ च्या एका अभ्यासात रडणाऱ्या बाळांना पाच मिनिटं उचलून घेऊन चाललं तर बरीच शांत झाली, काही झोपली, आणि झोपल्यावर लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं बसून राहिलं तर गादीवर ठेवल्यावर उठायचं प्रमाण कमी होतं. कॅरियरमधे हे करून बघायला काहीच खर्च नाही.

ऊन, पाऊस, गाडी

कॅरियर हा कपड्याचा एक थर आहे असं धरा. म्हणजे तुम्ही बाळाला झबलं आणि वर स्वेटर घालणार असाल तर कॅरियरमधे स्वेटर नको. उन्हाळ्यात नुसतं मलमलचं झबलं आणि तुमच्या दोघांच्या पोटामधे एक पातळ सुती कापड, घाम टिपायला. मानेच्या मागे हात लावून बघत राहा, गरम आणि चिकट लागली तर बाहेर काढा. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं टाळा. पावसात छत्री, बाळाच्या डोक्यावरून रेनकोटची चेन ओढायची नाही. टोपडं बांधलंत तर ते नाकावर घसरत नाही ना बघा.

दुचाकीवर कॅरियर नको. खूप जण करतात हे मला माहीत आहे, सिग्नलला रोज दिसतं. नियम असा आहे की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना सेफ्टी हार्नेस लागतो, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट, वेग ४० च्या आत, आणि बेबी कॅरियर म्हणजे सेफ्टी हार्नेस नव्हे. कारमधेही ते कारसीटची जागा घेत नाही, सीटबेल्ट दोघांवरून लावणं तर आणखी वाईट. विमानात टेकऑफ-लँडिंगला बहुतेक वेळा बाळ बाहेर काढायला लावतात आणि मांडीवरचा वेगळा पट्टा देतात, तेव्हा पटकन सुटणारं कॅरियर बरं. आणि गॅससमोर बाळ पुढे बांधून फोडणी नको, भाजी निवडा, कपडे घड्या घाला, तेवढ्यालाच.

पैसे आणि जुनं घेणं

भारतात आता सोल, अनमोल असे ब्रँड सुती कापडात बरे पर्याय देतात, त्यामुळे परदेशातून कुणाला आणायला सांगायची तशी गरज उरलेली नाही. परदेशी महागडं निम्म्या किमतीत दिसलं तर डुप्लिकेट असायची शक्यता जास्त. लेबलवर ईएन १३२०९-२ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा एएसटीएम एफ २२३६ (अमेरिकेचं) असं काही आहे का बघा, स्लिंग असेल तर एएसटीएम एफ २९०७. ओळखीत कुणाकडे असेल तर आठवडाभर मागून घ्या, काही शहरांत आया मिळून भाड्याने देतात, त्याची चौकशी करा, खरेदीआधी वापरून बघणं यापेक्षा चांगली चाचणी नाही.

जुनं घ्यायला हरकत नाही, विणलेला रॅप तर जुनाच जास्त मऊ असतो. फक्त उजेडात धरून बघा, कापड विरळ झालंय का, शिवण उसवतेय का, बकल क्लिक करून जोरात ओढा, कडीवर ओरखडा किंवा चीर आहे का बोट फिरवून बघा. इलास्टिक गेलेलं असेल तर सोडून द्या. धुताना ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, बकल लावून जाळीच्या पिशवीत थंड पाण्यात, आणि पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, पट्ट्याच्या आतला फोम दोन-दोन दिवस ओला राहतो आणि बुरशीचा वास एकदा बसला की जात नाही. बाळ खांद्याचा पट्टा चोखतंच, त्यावर रुमाल गुंडाळून दोन सेफ्टी पिना नाही, बटणं लावा.